युरोपातील उमेदवारी

बंगळूर शहर मागे टाकून कनकपुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याने निघाले की तातगुणी हे गाव लागते. या गावालगत साडेचारशे एकरांहून मोठा असा एक जुना मळा आहे. रशियन चित्रकार स्वेतोस्लाव रोरिक आणि त्यांच्या पत्नी देविका राणी यांची ही मिळकत. मूळच्या मेक्सिकोतील लिनालो नावाच्या झाडांची येथे मोठी लागवड झाली, आणि त्यांच्या फळांच्या टरफलांतून निघणारे सुगंधी तेल अत्तराच्या व्यापारात जाऊ लागले. सन १९९३ च्या जानेवारीत रोरिक बंगळुरास वारले आणि पुढच्याच वर्षी, ९ मार्च १९९४ रोजी, देविका राणी यांचेही तेथेच निधन झाले. शहरातील पुष्कळ लोकांना त्या एका चित्रकाराच्या पत्नी आणि एका मोठ्या मळ्याच्या मालकीण म्हणूनच ठाऊक होत्या.

महाराष्ट्राला मात्र हे नाव निराळ्या कारणाने परिचित आहे. मुंबईजवळच्या मालाड येथे सन १९३४ मध्ये उभी राहिलेली ‘बॉम्बे टॉकीज’ ही चित्रपटसंस्था आणि ‘अछूत कन्या’ हा बोलपट यांच्याशी ते कायमचे जोडले गेले आहे. परंतु मालाडच्या अगोदरही एक प्रकरण आहे, आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. सन १९२८ ते १९३४ या काळात देविका राणी आणि त्यांचे पहिले पती हिमांशु राय यांनी लंडन, बर्लिन आणि भारत यांच्या दरम्यान जे जीवन घालविले, ते एका परीने उमेदवारीचे जीवन होते. सुताराच्या किंवा सोनाराच्या हाताखाली मुलगा काही वर्षे राबतो, हत्यारे ओळखू लागतो आणि मग आपले दुकान मांडतो. तसाच काहीसा हा प्रकार होता. परदेशातील विद्या आपल्या मातीत कशी रुजते आणि ती रुजविण्याची किंमत कोणाला द्यावी लागते, या प्रश्नाचे उत्तर या जोडप्याच्या चरित्रात सापडते.

चित्रपटविद्येसाठी विलायतेची वाट धरणारे हे पहिले भारतीय नव्हेत. सन १९१२ च्या आरंभी धुंडिराज गोविंद फाळके लंडनला गेले होते. आयुर्विम्याची पॉलिसी गहाण टाकून त्यांनी या धंद्यासाठी पैसा उभा केला होता. लंडनमध्ये त्यांनी कॅमेरा खरेदी केला, सेसिल हेपवर्थ यांचा कारखाना डोळ्यांखालून घातला आणि थोड्याच दिवसांत ते परत आले. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई या प्रवासात बरोबर नव्हत्या. पण परतल्यानंतर फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे त्या शिकल्या, आणि चित्रणासाठी जमलेल्या मंडळींचे जेवणखाणही त्यांनीच सांभाळले. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला, त्यामागे या गृहिणीचे श्रम होते. फाळक्यांची विद्या अशी एका माणसाच्या डोक्यात आणि एका घराच्या चार भिंतींत मावणारी होती. पुढे पंधरा वर्षांत हा धंदा इतका वाढला की, तो शिकण्यास काही दिवसांचा प्रवास पुरेना. हिमांशु राय आणि देविका राणी हे त्या दुसऱ्या पिढीचे प्रतिनिधी होत.

हिमांशु राय यांचा जन्म सन १८९२ मध्ये कटक येथे झाला. बंगाली सुखवस्तू घराण्यातील हा तरुण कायद्याच्या अभ्यासासाठी लंडनला गेला. परंतु न्यायालयापेक्षा रंगभूमीनेच त्याला अधिक ओढले. बिपिनचंद्र पाल यांचे चिरंजीव निरंजन पाल हे त्या सुमारास लंडनमध्ये नाटके लिहीत होते. त्यांच्या ‘द गॉडेस’ या नाटकात राय यांनी भूमिका केली आणि दोघांचा स्नेह जडला. भारतीय कथा, भारतीय नट आणि भारतीय भूमी यांच्या साह्याने जगाच्या बाजारात मानाने उभा राहील असा चित्रपट काढावयाचा, ही कल्पना या स्नेहातून आकारास आली.

कल्पना मोठी होती आणि जवळ साधन काहीच नव्हते. इंग्लंडात दाद लागेना, तेव्हा राय यांनी म्युनिक गाठले. महायुद्धात पराभूत झालेल्या जर्मनीला त्या वेळी अमेरिकन चित्रपटांशी टक्कर द्यावयाची होती, आणि त्यासाठी तिला नव्या विषयांची भूक होती. म्युनिकच्या ‘एमेल्का’ या कंपनीशी राय यांनी जो व्यवहार केला, तो त्यांच्या व्यवहारचातुर्याचा नमुनाच म्हटला पाहिजे. कॅमेरे, तंत्रज्ञ आणि रसायनशाळा जर्मनांनी पुरवावयाची. कथा, नट, स्थळे आणि भारतातील चित्रणाचा खर्च भारतीयांनी उचलावयाचा. आणि ज्याने त्याने आपापल्या प्रदेशातील हक्क घ्यावयाचे, असे त्याचे साधारण स्वरूप होते. एडविन अर्नोल्ड यांच्या बुद्धचरित्रपर काव्यावर आधारलेला ‘लाइट ऑफ एशिया’ अर्थात ‘प्रेम संन्यास’ हा मूकपट सन १९२५ मध्ये अशा रीतीने तयार झाला. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि छायाचित्रणकार योझेफ विर्शिंग हे दोघे बव्हेरियन या निमित्ताने प्रथमच भारतात आले. गौतमाची भूमिका स्वतः राय यांनी केली. युरोपात या चित्रपटाचे चांगले स्वागत झाले. पाठोपाठ ताजमहालाच्या कथेवरील ‘शिराझ’ सन १९२८ मध्ये निघाला, आणि या वेळी बर्लिनची ‘उफा’ ही बलाढ्य कंपनी भागीदार झाली.

याच वर्षी लंडनमध्ये राय यांची देविका चौधरी या तरुणीशी गाठ पडली. देविका यांचा जन्म ३० मार्च १९०८ रोजी वॉल्टेअर येथे झाला. वडील कर्नल मन्मथनाथ चौधरी हे मद्रास इलाख्याचे पहिले भारतीय सर्जन-जनरल होत, आणि घराण्याचे नाते जोडासांकोच्या ठाकूर कुटुंबाशी होते. वयाच्या नवव्या वर्षी या मुलीला इंग्लंडातील शाळेत पाठविण्यात आले. नाट्य आणि संगीत यांचे शिक्षण घेतल्यावर तिने वास्तुशिल्प आणि वस्त्रांचे नक्षीकाम यांचाही अभ्यास केला. राय यांना तिच्या ठायी प्रथम दिसली ती नटी नव्हे, तर चांगली कारागीर. आपल्या नव्या चित्रपटाच्या नेपथ्यासाठी आणि वेशभूषेसाठी त्यांनी तिला बोलावून घेतले. त्यांच्या सहजीवनाचा आरंभ अशा रीतीने कामातून झाला, आणि पुढे बारा वर्षे तो कामाशीच बांधलेला राहिला.

हा नवा चित्रपट म्हणजे ‘प्रपंच पाश’. महाभारतातील द्यूतप्रसंगावरून सुचलेली ही कथा राजस्थानात चित्रित झाली. हजारोंचा जमाव, घोडे, हत्ती, राजवाडे असा तिचा पसारा होता. लहानपणापासून इंग्लंडात वाढलेल्या एकवीस वर्षांच्या मुलीला स्वदेशाचे हे दर्शन एका जर्मन तुकडीबरोबर काम करताना घडावे, ही घटना लक्षात ठेवण्याजोगी आहे. सन १९२९ मध्ये दोघांचा विवाह झाला. वधू एकवीस वर्षांची आणि वर सदतिसाव्या वर्षात, असे हे जोडपे होते. राय यांचा जर्मनीत पूर्वी एक विवाह झालेला होता आणि त्यांना एक कन्याही होती. त्या शाखेने जपून ठेवलेली त्यांची कागदपत्रे आणि छायाचित्रे आज ऑस्ट्रेलियात आहेत.

विवाहानंतर उभयता जर्मनीस गेली. चित्रपटाचे उरलेले संस्कार तेथेच व्हावयाचे होते. बर्लिन शहराच्या सीमेवर बाबेल्सबर्ग येथे उफा कंपनीचा विस्तीर्ण स्टुडिओ होता. नेमक्या याच वेळी या धंद्यात उलथापालथ होत होती. अमेरिकेत सन १९२७ मध्ये पडदा बोलू लागला, त्याचे पडसाद युरोपात पोहोचले होते. उफाने सन १९२९ च्या शरदात चार ध्वनिबंद चित्रणगृहे क्रुसाच्या आकारात एकमेकांना जोडून बांधली आणि तेथे बोलपटांचे काम सुरू केले. म्हणजे या जोडप्याने जेव्हा त्या आवारात पाऊल ठेवले, तेव्हा जर्मन तंत्रज्ञही नव्याने विद्यार्थीच झालेले होते. मूकपटाच्या काळातील अनुभवी माणसे मायक्रोफोन कोठे टांगावा, कॅमेऱ्याची घरघर कशी बंद करावी, यांसारख्या प्रश्नांशी झगडत होती. नवख्या माणसाला शिकावयास याहून चांगला काळ कोणता?

उफाच्या शिक्षणक्रमात देविका राणी यांनी काय केले, हे त्यांनी उतारवयात अनेकांना सांगितले होते. नेपथ्य, रंगभूषा, वेशभूषा, अभिनय अशा एकेका खात्यात त्यांना काम करावे लागले. त्या वेळी योझेफ फॉन स्टर्नबर्ग हे ‘द ब्लू एंजल’ हा बोलपट चित्रित करीत होते; त्यातील नायिका मार्लेन डिट्रिख यांच्या रंगभूषेचे तबक हाती धरून उभे राहण्याचे काम आपल्याकडे होते, असे त्या सांगत. सर्जन-जनरलच्या मुलीने आणि निर्मात्याच्या पत्नीने तबक धरून उभे राहावे, यात आपल्याकडील पुष्कळांना कमीपणा वाटला असता. परंतु कारखान्याची शिस्त अशीच असते. वरचे काम करावयाचे असेल तर खालचे ठाऊक असले पाहिजे, हा तिचा पहिला पाठ होय.

‘द ब्लू एंजल’ची आणखी एक गोष्ट या संदर्भात ध्यानात घेतली पाहिजे. हा बोलपट जर्मन आणि इंग्रजी अशा दोन भाषांत एकाच वेळी चित्रित झाला. मूकपटाला भाषेचे बंधन नव्हते. मधल्या पाट्या बदलल्या की तो कोणत्याही देशात चालत असे. राय यांचे आजवरचे सारे व्यवहार या सोयीवर उभारलेले होते. पडदा बोलू लागताच ती सोय नाहीशी झाली. भारतीय कथा युरोपात दाखवावयाची तर ती कोणत्या भाषेत बोलणार? या प्रश्नाचे एक उत्तर बाबेल्सबर्गच्या आवारात या जोडप्याच्या डोळ्यांसमोर घडत होते, आणि पुढे त्यांनी स्वतःच्या बोलपटासाठी तोच मार्ग अवलंबिला.

दरम्यान काळ प्रतिकूल होत गेला. ‘प्रपंच पाश’ हा देखणा मूकपट नेमका मूकपटांच्या अस्ताच्या वेळी बाजारात आला. सन १९२९ च्या ऑक्टोबरात न्यू यॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि मंदीची लाट जर्मनीवर विशेष जोराने आदळली. बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले, बेकारांच्या रांगा लागल्या. परकीय निर्मात्याशी भागीदारी करण्याइतका उत्साह कोणत्याच कंपनीपाशी उरला नाही. या काळात उभयतांनी एकत्र रंगभूमीवरही काम केले, आणि स्वित्झर्लंड व स्कँडिनेव्हियन देश येथे त्यांचे कौतुक झाल्याचे सांगितले जाते. आज या प्रवासाचे वर्णन वाचताना त्याला सहलीचा रंग चढतो. वस्तुतः तो दोन कलावंतांचा चरितार्थासाठी आणि आपल्या कामाला आश्रय मिळविण्यासाठी चाललेला फेरा होता.

शेवटी राय यांनी लंडन आणि भारत यांच्या आधाराने बोलपट काढावयाचे ठरविले. त्याचे नाव ‘कर्म’. जे. एल. फ्रिअर-हंट हे त्याचे दिग्दर्शक. बाहेरील दृश्ये भारतात आणि आतील दृश्ये लंडनमध्ये, इंग्रजी आणि हिंदी अशा दोन भाषांत, अशी त्याची योजना होती. शेजारशेजारच्या दोन संस्थानांतील राजकन्या आणि राजपुत्र यांच्या प्रेमाची ही कथा. या दोन भूमिका देविका राणी आणि हिमांशु राय यांनीच केल्या. सन १९३३ च्या मे महिन्यात तो लंडनमध्ये दाखविण्यात आला, तेव्हा तेथील वृत्तपत्रांनी देविका राणींच्या रूपाची आणि त्यांच्या स्वच्छ इंग्रजी उच्चारांची तोंड भरून स्तुती केली. भारतात मात्र हिंदी आवृत्तीला तसे यश लाभले नाही. सर्पदंशाने निश्चेष्ट पडलेल्या राजपुत्राचे राजकन्या चुंबन घेते, या एका प्रसंगाची चर्चा पुढे इतकी वाढत गेली की, बाकीचा चित्रपट लोकांच्या स्मरणातूनच गेला.

या दोन निकालांतील अंतर सूचक आहे. लंडनने ज्या उच्चारांचे कौतुक केले, त्यांचा लाहोरच्या किंवा मुंबईच्या प्रेक्षकाला काय उपयोग होता? दोन बाजारांना एकाच वेळी संतुष्ट करावयाचे, ही राय यांची दहा वर्षांची कल्पना येथे संपली. पुढे युरोपात राहावयाचे तर देविका राणींना परकीय पडद्यावर पूर्वेकडील सुंदरीच्या ठराविक भूमिका करीत राहावे लागले असते आणि राय यांना दुसऱ्यांच्या पैशाची वाट पाहावी लागली असती. जर्मनीचे दार तर बंदच होत होते. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर अधिकारावर आला आणि दोन महिन्यांच्या आत उफाने आपल्या ज्यू कलावंतांना व तंत्रज्ञांना काढून टाकण्यास प्रारंभ केला. ज्या कारखान्यात देविका राणींनी विद्या घेतली, तेथील कितीतरी निष्णात माणसे देशोधडीला लागली. उमेदवारी संपली होती. आता आपले दुकान मांडावयाचे, आणि ते आपल्याच गावात, असा निर्णय उभयतांनी घेतला.

याच वर्षी ‘प्रभात’चे व्ही. शांताराम हेही जर्मनीस गेले होते, ही गोष्ट मराठी वाचकांना स्मरत असेल. ‘सैरंध्री’ या चित्रपटाच्या रंगीत प्रती तेथे काढून घ्याव्यात, हा त्यांचा हेतू होता. रंगांचा प्रयोग अपेक्षेप्रमाणे साधला नाही, तरी जर्मन तंत्राचा परिणाम घेऊनच ते पुण्यास परतले. कोल्हापुरात घडलेला हा कारागीर आपल्या घरी सर्व शिकून मग जर्मनीस गेला. राय पतिपत्नी जर्मनीत शिकून मग घरी आली. दोन वाटा उलट दिशांनी येऊन एकाच ठिकाणी मिळाल्या. त्या दशकातील भारतीय बोलपटाचे सामर्थ्य या दोन्ही वाटांनी वाढविले.

मुंबईस आल्यावर राय यांनी जे केले, ते या धंद्यात क्वचितच कोणी केले होते. त्यांनी भागभांडवल उभारून रीतसर मर्यादित कंपनी स्थापन केली आणि सर चिमणलाल सेटलवाड, सर कावसजी जहांगीर, सर फिरोज सेठना यांच्यासारखी प्रतिष्ठित मंडळी संचालक म्हणून मिळविली. मालाड येथील एफ. ई. दिनशा यांच्या बंगल्याच्या आवारात स्टुडिओ बांधला गेला. ध्वनिबंद चित्रणगृह, स्वतःची रसायनशाळा, स्वतःचे लेखक, पगारी नट, अशी सारी रचना होती. बाबेल्सबर्गचा आराखडा लहान प्रमाणावर मालाडच्या ताडमाडांत उतरला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. ऑस्टेन आणि विर्शिंग म्युनिकहून आले, नेपथ्यासाठी कार्ल फॉन श्प्रेटी आले, रसायनशाळेसाठी विल्हेल्म झोल्ले आले. निरंजन पाल कथा लिहू लागले. संगीताची बाजू सरस्वती देवी या पारशी महिलेने सांभाळली.

मात्र या परदेशी मंडळींना आणण्यात राय यांचा हेतू कायमचे परावलंबन पत्करण्याचा नव्हता. प्रत्येक जर्मन तंत्रज्ञाच्या हाताखाली भारतीय उमेदवार ठेवले गेले. विद्यापीठांतून पदवी घेतलेले तरुण येथे रसायनशाळेत, ध्वनिखात्यात, संकलनात कामे शिकू लागले. सर्व जातींची माणसे एकाच उपाहारगृहात एकत्र जेवत, आणि प्रसंगी प्रमुख नटही जमीन झाडीत, असे त्या काळचे वर्णन आहे. सन १९३५ च्या सुमारास, ज्या देशात पाणवठेही वेगळे होते, तेथे ही रीत साधी नव्हती. तबक हाती धरून शिकलेल्या बाईच्या संस्थेत ती रुजावी, हे मात्र स्वाभाविक होते.

याच संस्थेने सन १९३६ मध्ये ‘अछूत कन्या’ हा बोलपट काढला. रेल्वेच्या फाटकावरील अस्पृश्य पहारेकऱ्याची मुलगी आणि ब्राह्मणाचा मुलगा यांची ही कथा. ती लिहिली बंगाली लेखकाने, दिग्दर्शित केली बव्हेरियन माणसाने, आणि तिची नायिका झाली इंग्लंडात वाढलेली स्त्री. इतक्या दूरदूरच्या माणसांच्या हातून देशातील सर्वांत जवळच्या दुःखाचे चित्र निघाले. ‘कर्म’ने जे साधले नव्हते ते येथे साधले, कारण या वेळी प्रेक्षक कोण हे ठरलेले होते.

या यशाच्या आड एक वैयक्तिक दुःख होते, आणि ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ‘अछूत कन्या’च्या थोडे अगोदर देविका राणी आपल्या एका सहनटाबरोबर मालाड सोडून निघून गेल्या होत्या. हाती घेतलेला चित्रपट अर्धा राहिला आणि कंपनी संकटात आली. सहकारी शशधर मुखर्जी यांच्या मध्यस्थीने त्या परत आल्या. त्या नटाचे स्थान मात्र गेले. त्याच्या जागी रसायनशाळेत उमेदवारी करणाऱ्या एका तरुणाला उभे करण्यात आले, आणि तो तरुण अशोककुमार या नावाने पुढे अर्धशतक गाजला. या प्रसंगाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातील बराचसा भाग रंजक आहे. इतके मात्र स्पष्ट दिसते की, या दांपत्याचा संसार आणि त्यांचा कारखाना यांच्यामध्ये भिंत अशी कधी नव्हतीच. बर्लिनच्या दिवसांत हेच त्यांचे बळ होते. हातात पैसा नव्हता, देश परका होता, आणि काम हाच संसार होता. मालाडला कारखाना वाढला तसा संसार त्यात बुडून गेला. पती मालक, दिग्दर्शकांचा सल्लागार आणि सावकारांचा ऋणको. पत्नी कंपनीचे सर्वांत मोठे आकर्षण. अशा स्थितीत रुसण्यासाठीही जागा राहत नाही. त्या परत आल्या आणि दुसऱ्या दिवसापासून काम पुढे सुरू झाले, यात त्यांचा धीर दिसतो आणि त्याची किंमतही दिसते.

सन १९३९ च्या सप्टेंबरात महायुद्ध सुरू झाले आणि युरोपने आपली देणगी परत मागितली. ऑस्टेन, विर्शिंग प्रभृती जर्मन मंडळींना सरकारने नजरकैदेत टाकले. ऑस्टेन यांनी सन १९३६ मध्ये नाझी पक्षाचे सदस्यत्व घेतले होते. अस्पृश्यतेविरुद्धचा बोलपट दिग्दर्शित करणाऱ्या माणसाने त्याच वर्षी असा पक्ष पत्करावा, ही विसंगती इतिहासाला नोंदवावी लागते. त्यांना पुढे मायदेशी जाऊ देण्यात आले. विर्शिंग मात्र युद्ध संपल्यावर भारतातच राहिले, त्यांनी ‘महल’ चित्रित केला आणि ‘पाकीझा’च्या चित्रणाचे काम चालू असतानाच सन १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले. इकडे एका रात्रीत दिग्दर्शक आणि प्रमुख तंत्रज्ञ नाहीसे झाल्याचा ताण राय यांना सोसला नाही. त्यांचे मन आणि शरीर दोन्ही खचली, आणि १६ मे १९४० रोजी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला.

खरी परीक्षा येथे होती. परदेशी हात गेले, संस्थापक गेला. उमेदवारीतून काही शिल्लक राहिले होते की नाही? बत्तीस वर्षांच्या देविका राणींनी निर्मितीची सूत्रे हाती घेतली, आणि जर्मनांच्या हाताखाली शिकलेल्या भारतीय तरुणांनी कारखाना चालू ठेवला. सन १९४३ मधील ‘किस्मत’ कलकत्त्याच्या एकाच चित्रपटगृहात तीन वर्षांहून अधिक काळ चालला. त्यात एकही परदेशी तंत्रज्ञ नव्हता. याच सुमारास शशधर मुखर्जी, अशोककुमार आदी मंडळींनी फुटून ‘फिल्मिस्तान’ काढले, तेही मालाडच्याच विद्येच्या बळावर. सन १९४४ च्या ‘ज्वार भाटा’ या चित्रपटात देविका राणींनी एका नव्या तरुणाला नायक केले आणि त्याला दिलीपकुमार हे नाव दिले. सन १९४५ मध्ये त्यांनी स्वेतोस्लाव रोरिक यांच्याशी विवाह केला, चित्रपटसृष्टीचा निरोप घेतला, आणि कुलू खोऱ्यात काही काळ राहून पतीसह बंगळुरास स्थायिक झाल्या. पुन्हा पडद्यावर येण्याचे त्यांनी कटाक्षाने टाळले.

भारत सरकारने दादासाहेब फाळके यांच्या नावे सर्वोच्च चित्रपटसन्मान सुरू केला, तेव्हा सन १९६९ चा तो पहिलावहिला सन्मान देविका राणी यांना देण्यात आला. फाळक्यांच्या नावाशी एका स्त्रीचे नाव असे प्रथम जोडले गेले. सरस्वतीबाई फाळके यांनी अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतली, देविका राणी यांनी बाबेल्सबर्गला तबक धरले. एकीच्या श्रमांची कोणी नोंद केली नाही आणि दुसरीच्या सौंदर्याचीच नोंद अधिक झाली. दोघींच्या कारागिरीचा हिशेब एकत्र मांडला जाणे न्यायाचे ठरेल.

रोरिक दांपत्याला अपत्य नव्हते. दोघांच्या पश्चात तातगुणीच्या मिळकतीवरून वाद उत्पन्न झाले. कर्नाटक सरकारने सन १९९६ मध्ये खास कायदा करून ती ताब्यात घेतली, आणि सन २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो कायदा वैध ठरविला. मालमत्तेच्या हक्काविषयीचा हा निर्णय वकिलांच्या आणि शासनाधिकाऱ्यांच्या नित्य परिचयाचा झाला आहे. रोरिक यांची चित्रे बंगळूरच्या चित्रकला परिषदेत पाहावयास मिळतात. देविका राणी यांच्या युरोपातील सहा वर्षांचे स्मारक मात्र कोठेही नाही. मालाडचा स्टुडिओ कधीच बंद पडला आणि त्या जागेवर लहानमोठे कारखाने उभे राहिले. तरीही तेथे शिकलेल्यांनी ज्यांना शिकविले, आणि त्यांनी पुढे ज्यांना शिकविले, अशा माणसांच्या हातांतून ती विद्या मुंबईच्या चित्रपटधंद्यात कितीतरी वर्षे चालत राहिली. परक्या मुलखातून आणलेले झाड येथल्या पावसावर वाढले, तर काही पिढ्यांनी ते परके होते याची आठवणही कोणाला राहत नाही. तातगुणीची लिनालोची झाडे याचीच साक्ष देतात.